जिथे दुसरं मत मिळत नाही

रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्यात कानाच्या तक्रारीवर दुसरं मत घ्यायचं म्हटलं की घरातल्या दोन माणसांचा दिवस मोडतो. माणगावची एसटी धरायची, घोणसे घाटातून साई, मोर्बा करत जायचं. तिथे कानाचे डॉक्टर भेटले तर भेटले, नाहीतर पुढे मुंबई, किंवा ताम्हिणीतून पुणे. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग नकाशात जवळ दिसतं, पण मध्ये राजपुरीची खाडी आणि डोंगर. म्हाताऱ्या आईला घेऊन निघालेला मुलगा त्या दिवशीची मजुरी सोडतो, वर दोघांचं भाडं, बाहेरचं खाणं. म्हणून माझ्याकडे आलेला माणूस मी जे सांगेन ते घेऊन घरी जातो. बहुतेकांच्या आयुष्यात आपल्या कानाबद्दल ऐकलेलं तेवढंच एक मत असतं.

मी वाचा-श्रवण तज्ज्ञ आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकले, मुंबईत रुग्णालयात काम केलं आणि मग म्हसळ्याच्या बाजारपेठेजवळ एक खोली घेऊन आठवड्यातले ठरलेले दिवस बसायला लागले. निघताना बऱ्याच जणांनी मायेने एकच सल्ला दिला होता. तिकडे मुंबईचे नियम लावत बसू नकोस, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं. इथे काम करता करता माझं मत याच्या नेमकं उलट झालं. मुंबईत माझ्या अहवालात काही खटकलं तर पेशंट दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातो, कानाचे डॉक्टर फोन करतात, शेजारच्या विभागातली तज्ज्ञ विचारते. म्हसळ्यात माझं काम पुन्हा तपासून पाहणारं कुणी नाही. तेव्हा नियम इथेच जास्त कडक पाळायला हवेत. ते पाळले जातात की नाही, हे बघणारीही मीच असते.

आमच्या कामाला नियम आहेत हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992 सालचा, आणि 22 जून 1993 पासून परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. या कायद्यात पुनर्वासाचं काम करणाऱ्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात सगळ्यात वर ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट आहेत. बारावीनंतर चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष पेशंटमध्ये. मग केंद्रीय नोंदणीपुस्तकात नाव. ठरावीक काळाने नोंदणीचं नूतनीकरण, आणि त्यासाठी मधल्या वर्षांत शिकत राहिल्याचे गुण दाखवावे लागतात. नाव नसताना हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! एका बऱ्यापैकी श्रवणयंत्राच्या किमतीपुढे ही रक्कम काहीच नाही. इतकी वर्षं ती बदललेली नाही याचा मला राग येतो.

आणि कायदा तुम्ही कोण आहात एवढंच पाहतो. दार लावून घेतल्यावर खोलीत तुम्ही काय करता, हा प्रश्न पुढचा, आणि खरा.

खोलीपासूनच सांगते. कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, म्हणजे माणसाला जेमतेम ऐकू येईल असा सगळ्यात बारीक आवाज शोधणं. 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत एकेक पट्टी घ्यायची, आवाज कमी करत जायचा, आणि कुठे हात वर होणं थांबतं ते टिपायचं. त्यासाठी ध्वनिरोधक खोली लागते. माझी खोली रस्त्याकडे पाठ करून आहे, दाराला दुहेरी फळी आहे, भिंतींना जाड अस्तर आहे, तरी ती मापात बसणारी ध्वनिरोधक खोली नाही. खालून एसटी वळते, दिघी बंदराकडे जाणारे अवजड ट्रक जातात. अशा वेळी पहिल्यांदा बुडतात ते खालच्या पट्टीचे आवाज. 250 आणि 500 हर्ट्झला माणूस हात वर करत नाही, आलेख खाली घसरतो, आणि कानात नसलेला बहिरेपणा कागदावर उमटतो.

म्हणून मी कानात आत बसणारे इअरफोन वापरते, ते बाहेरचा आवाज पुष्कळ अडवतात. प्रत्येक तपासणीआधी खोलीतला आवाज मोजते आणि तो आकडा अहवालावर लिहिते. ज्या पट्ट्यांचा भरवसा वाटत नाही त्यांच्यापुढे तसं स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढे मुंबईत कुणी तो कागद हातात घेतला तर त्याला कळेल की हा आलेख कुठल्या परिस्थितीत काढला आहे. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी स्वतःचे कान तपासते. माझे आकडे मला पाठ आहेत. ते सरकले तर बिघाड माझ्या कानात तरी आहे किंवा यंत्रात तरी, आणि दोन्हींपैकी काय ते कळल्याशिवाय पेशंट घेता येत नाही. वर्षातून एकदा यंत्र कॅलिब्रेशनला मुंबईला जातं. तेवढे दिवस तपासणी बंद. शेजारचे दुकानदार विचारतात, मशीन चांगली चालते आहे की, मग कशाला पाठवता? आवाज निघतो आहे म्हणजे तो 40 डेसिबलचाच निघतो आहे असं नाही. हे समजावून सांगितलं की लोकांना पटतं. तराजू तपासून घ्यावा लागतो हे बाजारपेठेतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

जुलै महिन्यात एकदा पाभऱ्याकडचे एक आजोबा मुलाबरोबर आले. दोघेही चिंब. वरच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मला मुलाचं बोलणं ऐकायला पुढे झुकावं लागत होतं. मी सांगितलं, आज ऑडिओमेट्री होणार नाही.

"मॅडम, आलोय तर करून टाका ना. थोडं वरखाली झालं तर काय होतंय?"

काय होतंय ते मी त्याला सांगितलं. या आकड्यांवरून कानाच्या मशीनचा आवाज बसवतात. दहा डेसिबल चुकले तर नको तेवढा आवाज रोज कानात ओतला जाईल, आजोबा आठवडाभरात मशीन काढून फडताळात ठेवतील आणि पैसे जातील. तो गप्प बसला, पण नाराज होता, आणि त्याचं नाराज होणं योग्यच होतं. मग जे पावसातही करता येतं ते केलं. कानात दुर्बिणीने पाहिलं. दोन्ही कान मळाने गच्च भरलेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, मळ काढून घ्या म्हटलं आणि उघडीप बघून परत बोलावलं. परत आले तेव्हा आजोबा दारातूनच माझ्याशी बोलायला लागले. राहिलेला दोष वयाचा होता, थोडा होता, मशीनची घाई नव्हती.

कानात पाहिल्याशिवाय मशीनचं नाव काढायचं नाही, हा आमच्या कामातला अगदी पहिला धडा. कानातून पू येतो का, दुखतं का, चक्कर येते का, एकाच कानाला कमी आहे का, अचानक गेलं का, हे विचारायचं, आणि यातलं एक जरी 'हो' आलं तरी आधी कानाचे डॉक्टर. अचानक गेलेला कान तर तातडीचा मामला असतो. आखातातून सुट्टीवर आलेला एक तरुण एका सकाळी उठला तो उजव्या कानाला काही ऐकूच येत नव्हतं. घरचे म्हणाले, विमानाने कान बसला असेल, उतरेल. त्याच्या चुलत्याने चवथ्या दिवशी आणला. तपासल्यावर आतला कान गेलेला दिसला. यावर स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त, आठवडे गेले की दार बंद होत जातं. मी डॉक्टरांना फोन लावला, आणि तो त्याच दुपारी गाडी करून मुंबईला गेला. सगळं ऐकणं परत आलं नाही, पण बोलणं कळण्याइतकं आलं. अशा वेळी माझं काम उपचार करण्याचं नसतं. माझं काम कुठे संपतं ते वेळेवर ओळखणं हेही कामच असतं.

आता मशीन विकणाऱ्या शिबिरांबद्दल. कुठल्यातरी हॉलवर फलक लागतो, मोफत कान तपासणी, सवलतीत मशीन. मोबाइलवरच्या ॲपने तपासणी, एकाच जातीच्या मशीन सगळ्यांना, आवाज सगळ्यांना सारखा. दोन दिवसांत मंडळी निघून जातात. खरसईची एक बाई अशीच मशीन घालून आली. लेकाने कर्ज काढून घेऊन दिली होती. तिच्या कानाचा पडदा लहानपणापासून फाटलेला, दर पावसाळ्यात कान वाहायचा. वाहत्या कानात बूच मारल्यासारखी मशीन बसवली तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. कान सुजला होता, वास येत होता. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की मशीनचा आवाज वाढवून मिळेल का.

मशीन आजपासून बंद, आधी कान कोरडा करायचा आणि ऑपरेशनने पडदा बसवता येईल का ते डॉक्टरांना विचारायचं, असं मी सांगितल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते कानाच्या दुखण्याने नव्हे, लेकाच्या कर्जाने. तिच्यासोबत कॉलेजात जाणारा एक भाचा होता. त्याने भिंतीवरचं माझं नोंदणी प्रमाणपत्र पाहिलं, क्रमांक मोबाइलवर टाकून परिषदेच्या यादीत शोधला, माझं नाव मोठ्याने वाचलं. मग मशीनची पावती काढली. पावतीवर शिक्का होता, रक्कम होती, मशीन बसवणाऱ्याचं नाव नव्हतं. यादीत कुणाला शोधणार? तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कानाची मशीन घेताना ज्याने तपासलं त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक पावतीवर लिहून मागा. माझ्याकडूनही मागा. देणारा नाही म्हणाला तर उठून या. 3 मार्चला, जागतिक श्रवण दिनाला, शाळांमधून बोलायला बोलावतात तेव्हाही मुलांना मी हेच सांगते, कारण घरातली पावती वाचणारं पुष्कळदा मूलच असतं.

इथे आमच्या व्यवसायातली एक गोष्ट उघड बोलायला हवी. श्रवण तज्ज्ञाचं पोट बऱ्याच ठिकाणी तपासणीच्या फीवर चालत नाही, मशीनच्या विक्रीतल्या फरकावर चालतं. जो सल्ला देतो तोच विकतो. यात मोह आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेचा गाभा हाच आहे की पेशंटचं हित आधी. पण म्हसळ्यात ती संहिता उघडून कोण बघणार? म्हणून मी तपासणीची फी वेगळी घेते आणि मशीन घेतली नाही तरी ती तेवढीच राहते. किमती लिहून भिंतीवर लावल्या आहेत. एकाहून जास्त कंपन्यांची यंत्रं कानाला लावून दाखवते, घरी नेऊन वापरायला देते. सरकारी योजनेत बसणाऱ्याला आधी ती योजना सांगते. एडिप योजना 1981 पासून आहे, तीत गरजूला श्रवणयंत्र मिळतं, कागद कुठले लागतात ते लिहून देते. त्यामुळे माझ्याकडची विक्री कमी होते. ती कमी व्हायलाच हवी.

मशीन दिल्यावर काम संपत नाही, कोकणात तर सुरू होतं. इथली दमट हवा आणि घाम यांनी चांगली यंत्रंही बंद पडतात. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायची, बॅटरीचं दार उघडं ठेवायचं. सिलिकाच्या दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून परत वापरायचे. बॅटऱ्या मुंबईहून मागवून मी खोलीत साठा ठेवते, कारण एवढ्याशा अडचणीसाठी माणूस माणगावला जात नाही, मशीन काढून ठेवतो. आणि घरात लहान मूल असेल तर बॅटरी हाताला लागणार नाही अशी ठेवायची, हे दर वेळी बजावते. बटणासारखी बॅटरी गिळली तर आतून जाळते.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या गोष्टी मात्र मन मोडणाऱ्या असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा जास्त दोष असेल तर बहिरा, 60 ते 70 असेल तर कमी ऐकू येणारा. साधं बोलणं 60 च्या आसपास असतं. 55 डेसिबलचा दोष असलेला माणूस बाजारात, सभेत, फोनवर रोज हरतो, पण कायद्याच्या यादीत नसतो. अशी माणसं माझ्यासमोर बसून म्हणतात, पाचच तर वाढवायचे आहेत. दाखला देणं माझ्या हातात नाही, पण तो ज्या आलेखावर उभा राहतो तो माझ्या हातचा असतो. मी पाच वाढवत नाही. ही रेघ कुठे मारावी याबद्दल माझं मत आहे, आणि ते मी जिथे मांडायचं तिथे मांडते. आलेखात ते मिसळू लागले तर पुढे खऱ्या 70 वाल्याचा कागदही कुणी खरा मानणार नाही.

याचंच दुसरं टोक म्हणजे लग्नाच्या मुली. एक आई हळूच म्हणाली, पोरीला नीट ऐकू येतं असं एक पत्र द्या, पाहुणे विचारतायत. मी खोटं पत्र दिलं नाही. पण त्या मुलीचा आलेख तिच्या संमतीशिवाय माझ्या खोलीबाहेर जाणार नाही, हेही सांगितलं, आणि दोन दिवसांनी ओळखीतल्या एका बाईंनी सहज म्हणून चौकशी केली तेव्हा ती मुलगी माझ्याकडे आली होती की नाही हेसुद्धा मी बोलले नाही. म्हसळ्यात बाकावर शेजारी कोण बसलं होतं यावरून गोष्टी पसरतात. म्हणून आता ज्यांना हवी त्यांना बाजार उघडायच्या आधीची वेळ देते.

आता लहान मुलांबद्दल. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरहून झाली. अंगणवाडी आणि शाळांमधून मुलांना तपासणारी पथकं फिरू लागली, त्यांच्या यादीत ऐकण्याचे आणि बोलण्याचे दोष आहेत. त्यामुळे मुलं लवकर सापडू लागली, पण अजून पुरेशी लवकर नाही. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन आणि शिकवणी सुरू, असं जगभर मानलेलं वेळापत्रक आहे. आमच्याकडे मूल 'अजून बोलत नाही' म्हणून येतं तेव्हा ते अडीच-तीन वर्षांचं असतं, कारण घरात कुणीतरी म्हणालेलं असतं की याचा काकाही उशिराच बोलला. खाडीकाठच्या एका वाडीतली मुलगी त्यामानाने लवकर आली. बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस काय प्रतिसाद देते ते पाहणाऱ्या तपासणीत, दोन्ही कान जवळजवळ बंद निघाले. एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट झालं, सरकार तेव्हा त्यासाठी सहा लाखांपर्यंत खर्च करत होतं. ऑपरेशन मुंबईत, पण त्यानंतरची वर्षानुवर्षांची शिकवणी म्हसळ्यात, माझ्याकडे आणि खरं तर तिच्या आईकडे.

या शिकवणीत माझा नियम असा की आई खोलीत हवी, आणि नुसती बसलेली नको. मी आठवड्यातून दोनदा तासभर शिकवून मूल बोलायला लागत नाही. मासळी साफ करताना, तांदूळ निवडताना, शेळीला पाला घालताना आई कानाशी काय बोलते त्यावर ते बोलायला लागतं. प्रत्येक वेळी पुढचं उद्दिष्ट कागदावर लिहायचं, पुढच्या वेळी ते झालं की नाही तपासायचं, आणि काही महिने प्रगती दिसली नाही तर फी घेत राहण्याऐवजी मुंबईच्या केंद्राला कळवायचं. मॅपिंग, म्हणजे इम्प्लांटच्या आवाजाची जुळणी, बिघडलंय का, यंत्र नीट चालतंय का, की आणखी काही आहे?

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, सगळीकडे छपरं उडाली, पोफळी-नारळ आडवे झाले आणि वीज गेली ती आठवडेच्या आठवडे. त्यात टाळेबंदी. इम्प्लांटच्या बाहेरच्या यंत्राची बॅटरी रोज चार्ज करावी लागते. बॅटरी संपली की त्या मुलीला काहीही ऐकू येत नाही, अगदी काहीही. वर्षभरात जेमतेम उमललेलं ऐकणं अंधारात गेलं. वापरून टाकायच्या बॅटऱ्या बसतील असा डबा तिच्या यंत्राला होता, पण बॅटऱ्या कुठल्या आणायच्या? मी मुंबईत अडकले होते. पत्रे आणि ताडपत्री घेऊन मदतीच्या गाड्या इकडे येत होत्या, त्यातल्या एका गाडीबरोबर बॅटऱ्यांची पाकिटं पाठवली. तोवर तिचा मामा ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चार्जर चालवत होता. आई टेकाडावर जाऊन, फोनला रेंज आली की मला फोन लावायची, आणि आम्ही नुसत्या आवाजावर शिकवणी करायचो. दूरवरून शिकवणं चालतं, हे तेव्हा देशभरातल्या आमच्या मंडळींनी शिकून घेतलं. पण दूरवरून नवीन मुलाचं निदान करायचं नाही, हेही मी तेव्हाच ठरवलं. पालकांनी विनवण्या केल्या तरी. पडद्यावर दिसणारं मूल आवाजाकडे वळलं की आईच्या हाताच्या हालचालीकडे, हे मला तिथून सांगता येत नाही.

आता बोलण्याबद्दल. शाळेतून मुलं पाठवली जातात, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, उच्चार अस्पष्ट. एका आगरी मुलाची चिठ्ठी अशीच होती. तो घोड्याला 'घोरा' म्हणत होता, गाडीला 'गारी', पाण्याला 'पानी'. मी चित्रं दाखवून तपासणी केली आणि मग बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आजीला आत बोलावून तीच चित्रं दाखवली. आजीही घोराच म्हणाली. मुलाच्या जिभेत काही दोष नव्हता. तो त्याच्या घरची बोली अगदी बिनचूक बोलत होता. दोष आणि फरक वेगवेगळे ओळखणं ही आमच्या व्यवसायाची मूलभूत जबाबदारी आहे, आणि आमच्याकडच्या तपासणीच्या शब्दयाद्या मात्र प्रमाण मराठीवर बेतलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा लावल्या तर अर्धा तालुका तोतरा ठरेल. मी शिक्षिकेला पत्र लिहिलं: हा मुलगा निरोगी आहे. प्रमाण उच्चार त्याला शाळेत जरूर शिकवा, पण त्याला उपचाराची गरज नाही. शिक्षिका चांगल्या होत्या, त्यांनी पुढच्या वेळी स्वतःच विचारलं की मग खरा दोष आम्ही ओळखायचा कसा. त्यांना सांगितलं, घरच्यांना त्याचं बोलणं कळतं का, आणि त्याच्या वयाची त्याच्याच वाडीतली मुलं कशी बोलतात, हे आधी बघा.

कोकणी मुसलमान घरांमध्ये हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. घरात कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, आणि व्हिडिओ कॉलवर अब्बा आखातातल्या खोलीतून हिंदी मिसळून बोलतात. एका तीन वर्षांच्या मुलाच्या आईला कुणीतरी सांगितलं होतं की मूल गोंधळतंय, एकच भाषा ठेवा, कोकणी बंद करा. तिने ते इमानाने पाळलं होतं. परिणाम असा की घरातली दादी, जिला कोकणीशिवाय काही येत नव्हतं, ती नातवाशी बोलायचीच थांबली होती. सगळ्यात जास्त वेळ मांडीवर घेऊन बसणारं माणूस गप्प झालं होतं. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलाला बोलण्याचा दोष होत नाही, यावर जगभर भरपूर संशोधन झालेलं आहे. त्या मुलाला खरोखरच भाषेचा उशीर होता, आणि त्यासाठीच घरातला प्रत्येक आवाज हवा होता. मी दादीला बोलावलं आणि सांगितलं, तुम्ही पुन्हा बोला, जास्त बोला. ती म्हणाली, "मना वाटला मीच त्याला बिघडवलं."

ज्याने तो सल्ला दिला त्याने बहुधा मदत म्हणूनच दिला असेल. पण अपुऱ्या माहितीवर दिलेल्या एका वाक्याने घरातली आजी मुकी होऊ शकते, म्हणून मला आमच्या व्यवसायातल्या शिकत राहण्याच्या नियमाबद्दलची कुरकूर पटत नाही. नोंदणी टिकवण्यासाठी कार्यशाळांना जावं लागतं, रजा पडते, खर्च होतो, हे खरं. म्हसळ्यातून तो प्रवास लांबचा पडतो हेही खरं. तरी मी जाते, कारण मला पदवी मिळाली तेव्हा बरोबर मानल्या गेलेल्या काही गोष्टी आज चूक ठरल्या आहेत.

सध्या माझ्याबरोबर इथलीच एक मुलगी काम करते. वाचा, भाषा आणि श्रवणाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करून आली आहे. तिला आगरी येते, कोकणी समजते, वाड्यांमध्ये तिला नाव घेऊन ओळखतात. ती तपासणीची तयारी करते, मशीनचे कानात बसणारे साचे घासते, मी आखून दिलेल्या शिकवणीचा सराव मुलांकडून करून घेते. निदान करत नाही, मशीनचा आवाज बसवत नाही, मी नसताना नवीन पेशंट घेत नाही. गावात ती एकटी दिसली की लोक तिलाच मॅडम म्हणून आग्रह करतात, आमचं बघून टाक ना. ती वही काढून पुढची तारीख देते. याबाबतीत मला तिला एकदाही टोकावं लागलेलं नाही.

आम्ही दोघी मिळून आता एक शब्दयादी जमवत आहोत. आगरी घरांसाठी एक, कोकणी घरांसाठी एक, चार ते सहा वर्षांच्या मुलांना ओळखू येतील अशा चित्रांची. मासळीची नावं, भांडी, जनावरं, अंगावरचे कपडे. प्रत्येक शब्द आधी वाडीतल्या मोठ्या माणसांकडून बोलवून घ्यायचा, रेकॉर्ड करायचा, मग बोलण्यात काही तक्रार नसलेल्या मुलांकडून, आणि पालकांची लेखी परवानगी असेल तरच. मेंदडीच्या बायकांनी आमच्या चित्रातल्या माशाला चूक ठरवलं, हा इकडे मिळतच नाही म्हणाल्या, म्हणून ते चित्र काढून टाकलं. यादी वापरण्याजोगी व्हायला अजून पुष्कळ मुलं लागतील. दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्या की पाभरे आणि खरसईपासून सुरुवात करायची आहे.